इमारत संस्थेची, पगार सरकारचा

पूर्णगडचा किल्ला आटोपशीर आहे. तटावर उभे राहिले की एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला त्याला येऊन मिळणारी मुचकुंदी दिसते. खाडीपलीकडे गावखडी, अलीकडे पावस. या किनारपट्टीवरचे संस्थेने चालवलेले कुठलेही हायस्कूल डोळ्यांसमोर आणा. जमीन बहुधा गावातल्याच कुणीतरी बक्षीसपत्राने दिलेली. इमारत उभी राहिली ती मुंबईत गिरणीत, गोदीत नाहीतर बँकेत नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून; देणगीदारांची नावे दाराशी पाटीवर कोरलेली असतात. शिक्षकाच्या नेमणूकपत्रावर सही संस्थेच्या कार्यवाहांची. पगार मात्र राज्याच्या तिजोरीतून, ‘शालार्थ’ प्रणालीतून थेट बँकेत. पुस्तके बालभारतीची, परीक्षा मंडळाची, आठवीपर्यंतच्या मुलांची खिचडी केंद्र आणि राज्य यांच्या सामाईक खर्चाची.

आता सांगा, ही शाळा खाजगी की सरकारी?

गावात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण आपल्याला याची सवयच झाली आहे. पण अमेरिकेत हाच प्रश्न गेली तीस-पस्तीस वर्षे गाजतो आहे. १९९१ साली मिनेसोटा राज्याने एक कायदा केला: सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण स्वतंत्र मंडळाने चालवलेली शाळा काढायला परवानगी. तिला ‘चार्टर स्कूल’ म्हणतात. पहिली १९९२ साली सेंट पॉल शहरात उघडली. आज तिथे अशा सुमारे ८,००० शाळा आहेत आणि त्यांत ३७ लाखांच्या आसपास मुले शिकतात. म्हणजे सरकारी खर्चाने शिकणाऱ्या दर शंभर अमेरिकन मुलांमागे सात-आठ. तिकडे याला धाडसी प्रयोग म्हणतात. आणि महाराष्ट्रात? भारतातल्या सुमारे ८० हजार खाजगी अनुदानित शाळांपैकी २४ हजारांच्या आसपास एकट्या महाराष्ट्रात आहेत. ज्या प्रयोगावर अमेरिकेत निवडणुका लढवल्या जातात, तो आपल्याकडे इतका जुना झाला आहे की तो प्रयोग होता हेही कुणाच्या लक्षात नाही.

त्याचे मूळ १८५४ च्या वूडच्या खलित्यात आहे. कंपनी सरकारला शिक्षणाचा प्रसार हवा होता, पण स्वतः शाळा काढत बसण्याएवढा खर्च करायचा नव्हता. त्यावर तोडगा निघाला तो असा: शाळा लोकांनी काढावी, सरकारने तपासणी करून अनुदान द्यावे. युक्ती कंजूषपणाची होती, आणि तिच्यातून केवढे जग उभे राहिले!

अनुदान द्यायचे तर कशाच्या आधारावर? इथे मुंबई इलाख्याने जे केले ते वाचून आजच्या धोरणकर्त्यांनाही चक्रावायला होईल. ‘निकाल बघून पैसे’ ही पद्धत इथे एकोणिसाव्या शतकातच लागू होती. इंग्लंडमध्ये ती १८६२ पासून होती. इन्स्पेक्टर येणार, मुलांची इयत्तावार, विषयवार परीक्षा घेणार, आणि जितकी मुले पास तितके रुपये शाळेला. शाळेच्या कामगिरीशी निधी जोडावा ही कल्पना आज नवीन म्हणून मांडली जाते. आपल्या पणजोबांच्या मास्तरांनी ती भोगलेली आहे. परिणाम काय झाला असेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. इन्स्पेक्टर जे विचारणार तेवढेच घोकून घ्यायचे, बाकीचे बाजूला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत मोडीत निघाली.

ही पद्धत चालू असतानाच दोन आवाज उठले, आणि ते दोन दिशांचे होते. १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल बव्हंशी शेतकऱ्याच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, ही त्यांची तक्रार. दुसरीकडे विष्णुशास्त्री चिपळूणकर. त्यांची सरकारी नोकरीतली शेवटची बदली रत्नागिरीच्या हायस्कुलात झाली होती. ती नोकरी सोडून ते पुण्याला परतले आणि १८८० च्या जानेवारीत टिळकांना बरोबर घेऊन त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. शाळा आपण चालवायची, कारण सरकारी शाळेत मान वर करता येत नाही, ही त्यांची भूमिका. सार्वजनिक पैसा कुणाच्या मुलापर्यंत पोचतो आणि शाळेवर हुकूम कुणाचा चालतो, या दोन प्रश्नांपलीकडे आजचा चार्टर शाळांचा वादही फारसा गेलेला नाही.

फुल्यांच्या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर दिले ते भाऊराव पाटलांनी. १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. पुढे १९३८ च्या सुमारास मुंबई सरकारने ‘ऐच्छिक शाळां’ची योजना आणली: जिथे सरकारी शाळा नाही तिथे संस्थेने शाळा काढावी, सरकार अनुदान देईल. भाऊरावांनी या योजनेतून ५७८ शाळा काढल्या. पाचशे अठ्ठ्याहत्तर! मोटारगाडी मुश्किलीने पोचेल अशा गावांत, देवळात, चावडीत, कुणाच्या ओसरीवर. आजच्या अमेरिकेतल्या मोठमोठ्या चार्टर संस्थांनाही एवढा आकडा गाठता आलेला नाही.

कोकणाचे उत्तर आकाराने लहान, पण मला जास्त थक्क करणारे. दापोली तालुक्यातल्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम झाला, महिला विद्यापीठ झाले, आणि १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. लोकल बोर्डाची शाळा ज्या खेड्यांत नाही तिथे शाळा उघडायची. स्वतःच्या तुटपुंज्या पेन्शनीतला वाटा दिला, दारोदार वर्गणी गोळा केली, आणि अशा चाळीसेक शाळा उभ्या राहिल्या. स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी व्यवस्थेत मिसळून गेल्या. आपली शाळा सरकारने ताब्यात घ्यावी यासाठी शाळा काढणारा संस्थापक आज शोधून सापडणार नाही.

पैशाचे यंत्र आज कसे चालते ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत पैसा मुलाच्या मागे जातो: मूल ज्या शाळेत, तिथे त्याच्या नावाची रक्कम. आपल्याकडे पैसा पदाच्या मागे जातो, आणि पद पटाच्या मागे. दर वर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून ‘संच मान्यता’ होते, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरते. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत, ६१ पासून तीन, ९१ पासून चार. साठ आणि एकसष्ट यांच्यात फरक एका मुलाचा, आणि त्या एका मुलाची किंमत एका शिक्षकाचा वर्षाचा पगार. एका घराने मुंबईला बिऱ्हाड हलवले की इकडे एक गुरुजी ‘अतिरिक्त’ ठरतात आणि समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवायच्या, यादीत जातात. एखाद्या खात्याच्या हिशेबात एका पोराचे एवढे मोल दुसरीकडे कुठे असेल?

मोल एवढे वाढले की लबाडी आलीच. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत दाखवले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. लाखो नावे हजेरीपटावर होती, मुले वर्गात नव्हती.

पगाराबाहेरचा खर्च, म्हणजे वीजबिल, खडू, प्रयोगशाळा, छपराची कौले, यांसाठी वेतनेतर अनुदान असते. ते अपुरे आणि उशिरा, ही मुख्याध्यापकांची नेहमीची तक्रार. इमारतीचा भार संस्थेवरच. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या चार्टर शाळांचेही रडगाणे हेच: इमारतीसाठी पैसे मिळत नाहीत.

आणि सगळ्याच खाजगी शाळांना अनुदान आहे असेही नाही. २००१ नंतर राज्याने ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानग्या दिल्या. २००९ साली ‘कायम’ वगळले गेले आणि अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी देण्याचे ठरले. त्या टप्प्यांसाठी आझाद मैदानावर बसलेले शिक्षक आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. २०१२ पासून स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा वेगळा कायदा आला. आता नवी खाजगी शाळा निघते ती बहुधा त्याच वाटेने, म्हणजे पालकांच्या फीवर. वूडच्या खलित्यापासून चालत आलेला करार नव्या शाळांपुरता संपल्यात जमा आहे. माझ्या मते ही मोठी घटना होती, आणि तिच्यावर व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही.

आता कामगिरी. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत घटलेली दिसली: १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर. गाव वाड्यांमध्ये विखुरलेले, वाड्या डोंगरउतारावर, पट आटत चाललेले. अशा ठिकाणी निकाल कसा लागावा? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचे कोकण विभागीय मंडळ दहावीत वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. २०२४ साली कोकण ९९.०१ टक्के, राज्य ९५.८१. २०२५ साली कोकण ९८.८२, राज्य ९४.१०. यातली बरीचशी मुले अनुदानित हायस्कुलांतली.

याचे श्रेय कुणाला द्यायचे? संस्थेला, शिक्षकाला, की मुंबईहून पैसे पाठवून ‘नीट शिक’ म्हणून फोन करणाऱ्या काकांना? नुसता टक्का हे सांगत नाही. इथे अमेरिकेकडून शिकण्यासारखे आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ‘क्रेडो’ या संशोधन केंद्राने चार्टर शाळेतल्या प्रत्येक मुलासाठी जवळच्या साध्या सरकारी शाळेतला त्याचा ‘जुळा’ शोधला: तोच वर्ग, तशीच घरची परिस्थिती, आधीचे गुणही तेवढेच. मग दोघांची प्रगती ताडून पाहिली. २००९ च्या पहिल्या अहवालात ३७ टक्के चार्टर शाळा साध्या शाळांपेक्षा कमी पडल्या, १७ टक्केच सरस ठरल्या. २०२३ च्या अहवालात चित्र पालटले: चार्टरची मुले वर्षाकाठी वाचनात १६ दिवसांच्या आणि गणितात ६ दिवसांच्या अभ्यासाइतकी पुढे. पण त्यातल्याच ऑनलाइन शाळांची मुले वाचनात ५८ आणि गणितात १२४ दिवस मागे. म्हणजे ‘चार्टर’ या पाटीने काही ठरत नाही; कोण चालवतो आणि कशी, याने ठरते. अनुदानित शाळांना दीडशेहून अधिक वर्षे पैसे देणाऱ्या आपल्या राज्यात अशी जुळ्यांची तुलना हे शिक्षण खात्याचे नेमाचे काम असायला हवे होते.

तिकडची दुसरी घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मुदत. चार्टर शाळेचा करार काही वर्षांचा असतो आणि काम वाईट असेल तर नूतनीकरण होत नाही. आपल्याकडे एकदा शंभर टक्के अनुदान लागले की शाळा बंद पडते ती बहुधा पट संपल्यावरच. शिकवणे वाईट असले तरी चालते आणि उत्तम असले तरी पटाअभावी वाचत नाही. कोकणाला तर हा नियम दुहेरी मारतो. इथल्या शाळेचा पट कमी होतो त्यात शाळेचा दोष थोडा, रोजगाराचा जास्त. त्यामुळे मुदतीचा करार आणायचाच तर डोंगरी आणि खाडीकाठच्या गावांसाठी मोजमाप वेगळे हवे, नाहीतर शाळा बंद करायला आणखी एक कारण मिळेल.

गणपतीला गावी जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. ३० सप्टेंबर तेव्हा आसपासच असतो. आरत्यांच्या गडबडीतून अर्धा तास काढून शाळेत जा. पट किती, मंजूर पदे किती, रिकामी किती, वेतनेतर अनुदान यंदा आले का, शाळा व्यवस्थापन समितीची शेवटची बैठक कधी झाली, एवढे पाच प्रश्न विचारा. पैसा तुमच्या करातला आहे, आणि पाटीवरच्या नावांत तुमच्या आजोबांचेही नाव असण्याची शक्यता आहे.