अधिष्ठान उरःस्थानी, उपद्रव सर्व देही

तीव्र विषाणुजन्य श्वसनविकाराचा रुग्ण ज्वर, कास व अंगमर्द घेऊन आपल्याकडे येतो. नातेवाइकांच्या लेखी हा केवळ 'छातीचा आजार' असतो. मात्र २००९ मधील स्वाइन फ्लूने आणि २०२०-२१ मधील कोविडने दाखवून दिले, की व्याधीचे अधिष्ठान उरःस्थानी असले तरी त्याचे उपद्रव सर्व देहभर पसरतात. म्हणूनच त्याच्या संप्राप्तीचा विचार येथे करीत आहोत.

विषाणू श्वसनमार्गाच्या पेशींत वाढतो व वायुकोशांत दाह उत्पन्न करतो. वायुकोशांत द्रव साचल्याने रक्तास पुरेसा प्राणवायू मिळत नाही. पुढील हानी मात्र केवळ विषाणूमुळे होत नाही. प्रतिकारशक्तीची प्रतिक्रिया अनावर होऊन दाहकारक द्रव्ये रक्तात पसरतात, रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर बिघडतात आणि सूक्ष्म गुठळ्या होतात.

त्याचा परिणाम हृदय, वृक्क व मस्तिष्क यांवर दिसतो. हृदयपेशींचा दाह होतो किंवा हृदयविकाराचा झटका येतो. कॅनडात झालेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इन्फ्लुएंझाच्या निदानानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. वृक्कांवरील आघाताने मूत्राल्पता होऊन क्रिएटिनिन वाढते. मस्तिष्कावरील परिणाम भ्रम, तंद्रा, क्वचित पक्षाघात या रूपाने प्रकट होतो.

चरकसंहितेत हृदय, बस्ति व शिर यांना त्रिमर्माचे स्थान आहे; प्राणवह स्रोतसाचे मूळ हृदय व महास्रोतस असे सांगितले आहे. यावरून प्राचीनांना विषाणू ज्ञात होता, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु श्वासाच्या रुग्णात मर्मांची परीक्षा करावी, ही दिशा त्यातून निश्चित मिळते.

म्हणून प्रत्येक रुग्णाची नाडी, श्वसनगती, रक्तदाब, ऑक्सिजनपातळी व मूत्रप्रमाण यांची नोंद ठेवावी. कोविडमध्ये रुग्ण नीट बोलत असतानाही ऑक्सिजन घटल्याचे आढळले आहे. पातळी ९४ टक्क्यांखाली, श्वसनगती मिनिटास २४ वा अधिक, छातीत वेदना, भ्रम वा मूत्राल्पता दिसल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

औषधालयचालकांनीही सावध असावे. २०२० च्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोनने ऑक्सिजनची गरज असलेल्या रुग्णांचे मृत्यू कमी झाले; गरज नसलेल्यांना मात्र लाभ दिसला नाही. २०२१ मध्ये मधुमेह व स्टेरॉइडचा अतिवापर यांच्या संगतीने म्युकरमायकोसिस बळावला, हे महाराष्ट्राने पाहिले. चिठ्ठीविना स्टेरॉइड वा तीव्र वेदनाशामक देऊ नये. वृक्कविकाराचा संशय असल्यास तपासणीपूर्वी रसकल्प सुरू करू नयेत.

रुग्ण पाठविताना त्याने घेतलेल्या सर्व कल्पांची मात्रेसह लेखी यादी सोबत द्यावी. रुग्णालयातील चिकित्सकास ती उपयोगी पडते. योग्य वेळी रुग्ण पाठविणे हाही चिकित्सेचाच भाग आहे.