विक्का, मी आणि आईची काळजी



या पानावर एरवी कोलेस्टेरॉल, मधुमेह, ४०१-के आणि मुलांच्या कॉलेजची फी यांची चर्चा असते. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण माझ्या मते तो या पानाच्या बाहेरचा नाही.

मागच्या वर्षी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमानंतर आम्ही खुर्च्या आवरत होतो. एका ताईंनी मला हळूच बाजूला घेतलं. त्यांची मुलगी चौदा वर्षांची. "अगं, तिच्या कपाटात मेणबत्त्या सापडल्या, आणि तो पाच टोकांचा तारा. एका वहीत काहीतरी मंत्र लिहिलेत. विचारलं तर म्हणते, 'आई, मी विक्का करते.' माझ्या तर पोटात गोळाच आला. तू शनिवारी मुलांना मराठी शिकवतेस, ती तुझं ऐकेल. जरा समजाव ना तिला!"

मी म्हटलं, "ताई, बोलेन की. पण आधी एक सांगते. वीस वर्षांपूर्वी ती मुलगी मी होते."

हे मी मंडळात कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. आज मी छत्तीस वर्षांची आहे, इंजिनिअरिंगची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते, गणपतीत आरतीला टाळ वाजवते. पण २००४ साली, न्यू जर्सीत दहावीत असताना, माझ्या पलंगाखाली बुटांचा एक खोका होता. त्यात दोन मेणबत्त्या, समुद्रावरून आणलेला शिंपला, मिठाची पुडी, मोराचं पीस आणि जस्ताचा एक तारा होता. दर पौर्णिमेला सगळे झोपल्यावर मी तो खोका उघडत असे.

हे सुरू झालं गावातल्या सार्वजनिक वाचनालयात. स्कॉट कनिंगहॅम या लेखकाचं १९८८ साली निघालेलं, एकट्याने विक्का आचरणाऱ्यांसाठीचं एक पुस्तक तिथे मिळालं. त्या काळात टीव्हीवर 'चार्म्ड' आणि 'बफी'सारख्या मालिका गाजत होत्या, 'द क्राफ्ट' हा १९९६ चा सिनेमा मुली एकमेकींना दाखवत. उत्सुकता तिथूनच आली, हे मान्य. पण मी त्यात राहिले ती वेगळ्या कारणाने.

आमच्या घरी पाळी आली की चार दिवस बाजूला. देवघराकडे फिरकायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. का, असं विचारलं तर आई म्हणायची, "आपल्यात असतं तसं." त्या पुस्तकात मात्र देवी होती आणि तिच्या वाढत्या-घटत्या चंद्राशी बाईच्या शरीराचं नातं पवित्र मानलेलं होतं. पूजा सांगायला भटजी लागत नव्हते. पंधरा वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं?

हा विक्का आहे तरी काय?

जे शब्द ऐकून आपल्या पोटात गोळा येतो त्यांची आधी माहिती करून घ्यावी. विक्का हा दिसायला जुना, पण खरं तर नवा धर्म आहे. जेराल्ड गार्डनर (१८८४-१९६४) या इंग्रज गृहस्थाने सिलोन आणि मलायात मळ्यांवर, मग कस्टम्स खात्यात नोकरी केली आणि निवृत्त होऊन तो इंग्लंडला परतला. तिथला १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं 'विचक्राफ्ट टुडे' हे पुस्तक आलं. डोरीन व्हॅलिएन्ट या त्याच्या सहकारी बाईंनी पूजेतला बराचसा मजकूर लिहिला. १९६० च्या दशकात रेमंड बकलंड याने ही परंपरा अमेरिकेत, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर आणली.

विक्कामध्ये देव आणि देवी दोन्ही मानतात. सैतान हा ख्रिस्ती कल्पनेतला. विक्कामध्ये त्याला जागाच नाही. त्या पाच टोकांच्या ताऱ्याचा अर्थ पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आत्मा. आपल्या पंचमहाभूतांपासून फार दूर नाही ना? वर्षाचे आठ सण असतात: सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा दिवस, दिवस-रात्र समान असण्याचे दोन दिवस, आणि या चारांच्या मधले चार. ३१ ऑक्टोबरच्या सणाला गेलेल्या माणसांची आठवण काढतात. मुख्य नियम असा की कुणाला इजा होणार नाही असं वागावं, आणि दुसऱ्याचं वाईट चिंतलं तर ते तिप्पट होऊन आपल्यावरच उलटतं, असा अनेकांचा विश्वास आहे.

पंधराव्या वर्षी मला वाटत होतं की हा हजारो वर्षं अखंड चालत आलेला धर्म आहे. पुढे कॉलेजात रोनाल्ड हटन या इतिहासकाराचं १९९९ चं 'द ट्रायम्फ ऑफ द मून' वाचलं आणि कळलं की तो विसाव्या शतकातच घडला. थोडं वाईट वाटलं. पण नवा आहे म्हणून खोटा, असं मला आजही वाटत नाही.

अमेरिकेच्या एका फेडरल अपील कोर्टाने १९८६ मध्ये विक्काला धर्म म्हणून मान्यता दिली आणि २००७ पासून सैनिकांच्या सरकारी थडग्यांवर हा तारा कोरता येतो.

खोका उघडला!

पण आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. २००४ च्या मार्चमध्ये व्हॅक्यूम करताना तिला तो खोका सापडला. आई साताऱ्याजवळच्या खेड्यात वाढलेली. तिच्या मनात जे शब्द आले ते करणी, भानामती, मूठ मारणं असे होते. चेटकीण ठरवून एखाद्या बाईला गावाने कसं छळलं, याच्या गोष्टी तिने लहानपणी ऐकल्या होत्या. तिची भीती हवेतली नव्हती. अशा छळाविरुद्ध महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला, हे आपण जाणतोच.

तिने खोका उचलला आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी ओरडले, ती रडली. बाबा म्हणाले, "परीक्षा जवळ आलीय, हे काय चाललंय?" पुढचे तीन आठवडे घरात "जेवायला चल" आणि "दूध संपलंय" एवढंच बोलणं होतं.

मग आईने मला आमच्या मुलांच्या डॉक्टर बाईंकडे नेलं. तिला वाटत होतं की माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. डॉक्टर बाईंनी आईला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं आणि मला प्रश्न विचारले. झोप लागते का? जेवतेस का? शाळेत लक्ष लागतं का? स्वतःला इजा करावीशी वाटते का? कुणी मोठा माणूस तुला एकटीला भेटायला बोलावतो का? यांची उत्तरं मी सरळ दिली. मग त्यांनी विचारलं, "मैत्रिणी कशा आहेत?" आणि माझा बांध फुटला.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण कित्येक महिने जवळजवळ काही खात नव्हती. डबा कचऱ्यात टाकायची, जाड स्वेटर घालून हाडं झाकायची. मला ते माहीत होतं. "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ तिने मला घातली होती. मी सांगितलं नाही. त्याऐवजी दर पौर्णिमेला तिच्यासाठी हिरवी मेणबत्ती लावली, तिचं नाव कागदावर लिहून मंत्र म्हटला आणि आपण काहीतरी केलं या समाधानात झोपले. मेणबत्ती लावली की मन हलकं व्हायचं, आणि मन हलकं झालं की कुणाला सांगायची निकड उरायची नाही.

डॉक्टर बाई मला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रार्थना कर, पण हे आजच शाळेच्या समुपदेशकांना सांगायला हवं." दुसऱ्या दिवशी तिच्या आईवडिलांना बोलावणं गेलं आणि त्याच आठवड्यात तिला हॉस्पिटलमध्ये ठेवलं. तिच्या हृदयाचे ठोके फार मंदावले होते. ती कित्येक महिने माझ्याशी बोलली नाही. आज ती बरी आहे, वाढदिवसाला कार्ड पाठवते; पण आमची पहिली मैत्री काही परत आली नाही.

बाहेर येऊन डॉक्टर बाई आईला म्हणाल्या, "तुमची मुलगी आजारी नाही. तिने जे पुस्तक वाचलंय ते तुम्हीही वाचा आणि तिला विचारा, यात तुला काय मिळतं?"

आईचा गृहपाठ

आई त्याच वाचनालयातून तेच पुस्तक घेऊन आली. शेजारी डिक्शनरी आणि वही घेऊन रोज रात्री भांडी झाल्यावर ती वाचायची. दोन आठवड्यांनी तिने मला स्वयंपाकघरात बसवलं. "हे वर्तुळ आखायचं कशाला?" "सुरी ठेवतात ती कापायला नाही ना?" (नाही, तिने काहीच कापत नाहीत!) असे प्रश्न झाले. शेवटी म्हणाली, "बरं, यात तुला काय मिळतं?"

मी म्हटलं, "इथे मला चार दिवस बाजूला बसावं लागत नाही."

आई काही बोलली नाही. उठून ओटा पुसायला लागली. मला वाटलं, संपलं.

त्या सप्टेंबरात गौरी आल्या आणि नेमकी माझी पाळी आली. मी मुकाट्याने वर जाऊन बसले. थोड्या वेळाने आई जिन्याच्या पायथ्याशी येऊन म्हणाली, "खाली ये. गौरीला हळदकुंकू तू वाहा." फोनवर आजी काय म्हणेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजी तेच म्हणाली आणि आईने ते ऐकून घेतलं. गंमत म्हणजे आई स्वतः मात्र पुढेही तिचे दिवस असेतोवर बाजूलाच बसायची. मी विचारलं तर म्हणायची, "माझं राहू दे."

विक्का मी आणखी तीनेक वर्षं केला, आता लपून नाही. कॉलेजात तो आपोआप सुटला. हेलन बर्जर आणि डग्लस एझी या दोन अभ्यासकांनी अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातल्या ९० तरुण मुलामुलींशी बोलून २००७ साली 'टीनेज विचेस' हे पुस्तक लिहिलं. त्यातली बरीच मुलं माझ्यासारखीच एकेकटी पुस्तकं वाचून या वाटेला आलेली दिसतात.

आईवडिलांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी

१. आग आणि धूर: मेणबत्त्या बंद खोलीत, पडद्याजवळ, झोपताना नकोत. घरात कुणाला दमा असेल तर धूप-उदबत्तीही नको. हा नियम देवघरालाही लागू आहे!

२. झाडपाला: जुन्या पुस्तकांतली प्रत्येक वनस्पती निरुपद्रवी नसते. पुदिन्याच्या जातीच्या पेनीरॉयलचं तेल यकृताला घातक आहे, ते पोटात गेल्याने मृत्यू झालेले आहेत. बेलाडोना विषारी आहे. "वास घ्या, खाऊ-पिऊ नका" असं स्पष्ट सांगा. काही पोटात गेलंच तर अमेरिकेत पॉयझन कंट्रोलचा नंबर १-८००-२२२-१२२२.

३. पैसा: गार्डनरच्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेत नाहीत. मला मात्र एका दुकानात "तुझ्यावर वाईट छाया आहे" असं सांगून बेबीसिटिंगचे ६० डॉलर काढून घेतले. शाप उतरवायचे पैसे मागणारा माणूस कुठल्याही धर्माचा असो, तिथून निघायचं, हे मुलांना शिकवा.

४. माणसं: पुष्कळ विक्का मंडळं अठरा वर्षांखालच्यांना आईवडिलांच्या परवानगीशिवाय घेत नाहीत. एखादा मोठा माणूस तुमच्या मुलीला "घरी सांगू नकोस" म्हणत असेल, तर काळजीची गोष्ट ती आहे. तसंच जेवण, झोप, अभ्यास, मैत्रिणी यांत एकदम बदल झाला तर डॉक्टरांना गाठा. मन फार खचलं असेल तर ९८८ या नंबरावर अहोरात्र कुणीतरी बोलायला असतं.

आणि खोका सापडलाच, तर तो लगेच फेकू नका. माझ्या खोक्यातलं मोराचं पीस साताऱ्याच्या आजोळच्या अंगणातलं होतं. आईला ते नंतर कळलं, आणि त्याची हळहळ तिला अजून आहे.

त्या ताई परवा भेटल्या. मुलीशी मी अजून बोललेच नाही, कारण त्या स्वतःच बोलल्या. पुस्तक आणलंय, चाळीस पानं झालीत म्हणाल्या. मागच्या पौर्णिमेला मुलीने त्यांना मागच्या अंगणात बोलावलं होतं. "थंडी इतकी होती की दहा मिनिटांत आत पळालो दोघी," ताई सांगत होत्या, "मग कोको करून प्यायलो."