काचेची पारख

वस्तूचे मूल्य आणि वस्तूचा बाजारभाव यांची फारकत व्यवहारात पुष्कळदा होते. परंतु १९५० ते १९८५ या काळात जपानी कारखान्यांतून बाहेर पडलेल्या, हाताने कडे फिरवून फोकस साधावयाच्या कॅमेरा-लेन्सच्या बाबतीत ती जितकी ठळक आहे, तितकी क्वचितच अन्यत्र आढळेल. ज्या काचेने एके काळी वृत्तपत्रांची पाने सजविली, लग्नमंडपांतील असंख्य प्रसंग जतन केले आणि स्टुडिओवाल्यांचे संसार चालविले, तीच काच आज एका नव्या स्वयंचलित लेन्सच्या किमतीत चार-पाच नग पदरात पडतील इतकी स्वस्त झाली आहे; आणि हे स्वस्तपण काचेच्या कोणत्याही दोषामुळे आलेले नसून केवळ सोयीच्या बदललेल्या कल्पनेमुळे आलेले आहे, हे ज्याला उमगले, त्याला अल्प खर्चात एका थोर कारागिरीचा संग्रह करण्याची मुभा मिळते.

उल्हासनगरच्या कॅम्प नं. ३ मध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला ही गोष्ट समजण्यास वेळ लागू नये. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीच्या मागे उरलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी संसार मांडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. ज्या वास्तूंचा उपयोग संपला असे सरकारदप्तरी ठरले होते, त्यांतूनच एक उद्योगी नगर उभे राहिले. शिवाय जपानशी सिंधी व्यापाऱ्यांचा संबंध जुना आहे. फाळणीच्या कित्येक वर्षे आधीपासून योकोहामा आणि कोबे या बंदरांत त्यांच्या रेशमाच्या पेढ्या होत्या. १९२३ च्या भूकंपानंतर मिळालेल्या साहाय्याची कृतज्ञता म्हणून तेथील भारतीय व्यापाऱ्यांनी योकोहामाच्या बागेत उभारलेले कारंजे आजही आहे. त्याच कोबे शहरामागील रोक्को पर्वतावरून मिनोल्टा कंपनीने आपल्या लेन्सना ‘रोक्कोर’ हे नाव दिले. मात्र आयातीवरील निर्बंध आणि जबर जकात यांमुळे जपानी कॅमेरा आपल्याकडे पुष्कळदा येई तो परदेशी राहणाऱ्या एखाद्या आप्ताच्या सामानातूनच, आणि म्हणूनच तो घरात दागिन्यासारखा जपला जाई.

या काचेची कीर्ती जगभर पसरली ती १९५० मध्ये. ‘लाइफ’ नियतकालिकाचे छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांना जपानी छायाचित्रकार जुन मिकी यांच्यामुळे निप्पॉन कोगाकु, म्हणजे पुढच्या निकॉन, कंपनीच्या निक्कोर लेन्सचा परिचय झाला, आणि जर्मन काचेशी तिची तुलना करून पाहिल्यावर त्यांनी तीच लेन्स कोरियाच्या युद्धभूमीवर वापरली. १९५४ मध्ये जपानात कॅमेऱ्यांची तपासणी करणारी स्वतंत्र संस्था निघाली, आणि तिची पडताळणी पार केलेल्या मालावर लहानशी सोनेरी लंबवर्तुळाकार चिठ्ठी लागू लागली; ती चिठ्ठी काही लेन्सवर आजही टिकून आहे. पुढे १९५७ मध्ये आसाही पेंटॅक्स, १९५९ मध्ये निकॉन एफ, १९७२ मध्ये योशिहिसा माइतानी यांनी रचलेला ऑलिंपसचा सुटसुटीत कॅमेरा असे एकामागून एक टप्पे गाठले गेले, आणि प्रत्येकाबरोबर टाकुमार, निक्कोर, झुइको अशा लेन्सची घराणी वाढत गेली.

मग हा भाव उतरला कसा? १९८५ मध्ये मिनोल्टाने आपोआप फोकस साधणारा ७००० हा कॅमेरा आणला, आणि १९८७ मध्ये कॅननने आपली जुनी एफडी बैठक, म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर बसविण्याचा सांधा, मोडीत काढून ईएफ ही नवी, संपूर्ण विद्युत-चालित बैठक स्वीकारली. त्यासरशी या कंपन्यांच्या जुन्या काचा त्यांच्याच नव्या कॅमेऱ्यांवर बसेनाशा झाल्या. कारण साधे भौमितिक आहे. दूरचे दृश्य स्पष्ट उमटावयाचे तर लेन्सची बैठक आणि फिल्मची पातळी यांत ठरावीक अंतर असावे लागते: निकॉनचे ४६.५ मिलिमीटर, मिनोल्टाचे ४३.५, कॅनन एफडीचे ४२. ईएफ कॅमेऱ्यात हे अंतर ४४ असल्यामुळे एफडी लेन्स त्यावर चढविली तर ती दोन मिलिमीटर पुढे राहते आणि क्षितिज कायमचे धूसर होते. परंतु २००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे येऊ लागले, आणि सोनीच्या ई बैठकीत हे अंतर अवघे १८ मिलिमीटर झाल्यामुळे उरलेली जागा धातूच्या एका पोकळ नळीने, म्हणजे साध्या अ‍ॅडॉप्टरने, भरून काढता येऊ लागली. जिला वीस वर्षे कोणी विचारीत नव्हते ती काच पुन्हा कामाला आली.

नवख्या संग्राहकाने आरंभ करावा तो ५० मिलिमीटरच्या लेन्सने. प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर ही लेन्स बहुधा विकली जात असल्याने तिची संख्या अमाप, म्हणून भाव अल्प. आणि तिची रचना पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये सिद्ध केलेल्या प्लानारच्या कुळातील असल्यामुळे गुण मात्र मोठे. पुढे इतर लेन्स शोधताना व्हिविटारही पाहावी; हे अमेरिकी नाव असले तरी त्या नावाच्या कित्येक लेन्स जपानी कारखान्यांत होत, आणि कोणत्या, याचा दाखला अनुक्रमांकाच्या आरंभी मिळतो: २२ असल्यास किरॉन, २८ असल्यास कोमिने, ३७ असल्यास टोकिना. निकॉनच्या १९७७ पूर्वीच्या लेन्सबाबत मात्र सावध असावे, कारण त्यांतील काही पुढील कॅमेऱ्यांच्या बैठकीस इजा करतात.

मुंबईचा चोरबाजार, फोर्टमधील बोरा बाजार, बंद पडलेले स्टुडिओ, आप्तांची कपाटे: माल मिळण्याची ठिकाणे ही. परंतु विक्रेत्याच्या शब्दास जामीन मानू नये. तपास स्वतः करावा. लेन्सचे छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडून एका बाजूने टॉर्चचा प्रकाश टाकावा आणि दुसरीकडून तिरक्या नजरेने पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, जिला कारागीर फंगस म्हणतात, आणि ती काचेवरील लेपन कुरतडून गेली असेल तर साफसफाईनंतरही डाग राहतो. छिद्राच्या पात्यांवर तेल आले आहे काय, ती चटकन मिटतात काय, फोकसचे कडे अडखळते काय, हेही पाहावे. वाळलेले ग्रीस बदलता येते, पण ओरखडलेली काच बदलता येत नाही. टाकुमार ५० मिलिमीटर एफ १.४ च्या काही नगांत काच पिवळी दिसली तर बिचकू नये: त्या काचेत थोरियम घातलेले असून तिच्या सौम्य किरणोत्सर्गाने ती कालांतराने पिवळते, आणि काही दिवस उन्हात किंवा अतिनील दिव्याखाली ठेवल्यास बव्हंशी निवळते. अशी लेन्स उघडून तिची काच घासण्याचा उद्योग मात्र करू नये.

आपल्या भागात संग्राहकाचा खरा शत्रू पावसाळा होय. उल्हास नदीच्या खोऱ्यात, जून ते सप्टेंबर, बदलापूरपासून कल्याणपर्यंत हवा पाण्याने इतकी जड असते की कपाटातील चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स एका हंगामात खराब होऊ शकते. चामडे ओल धरून ठेवते. म्हणून लेन्स त्यात कधीही ठेवू नये. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या, आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान आहे हे सांगणारा छोटा मापक एवढी तजवीज पुरेशी आहे, आणि तिचा खर्च एका लेन्सच्या किमतीहूनही कमी आहे.

तथापि सर्वांत उत्तम जतन म्हणजे वापर होय. अंबरनाथचे शिवमंदिर, ज्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ कोरलेला आहे, ते उल्हासनगरहून उपनगरी गाडीने एकाच स्थानकाच्या अंतरावर आहे. तिथल्या बाह्य भिंतींवरील मूर्तींसमोर १३५ मिलिमीटरची जुनी लेन्स घेऊन उभे राहावे. यंत्र आपल्यासाठी काहीच ठरवीत नसल्यामुळे डोळ्याला मूर्तीची कडा शोधावी लागते, बोटांना कड्याचा वेग जुळवावा लागतो, सूर्याची तिरीप कोणत्या खोदकामावर केव्हा येते याचा विचार करावा लागतो, आणि या शिस्तीत मूर्ती जितकी दिसते तितकी ती भराभर काढलेल्या शंभर छायाचित्रांत दिसत नाही. हातातील लेन्स वर्षानुवर्षे फिरत राहिल्याने तिचे कडे मोकळे राहते आणि काचेला उजेड व वारा लागून बुरशीला थारा मिळत नाही.

मुंबईतच दिलीश पारेख यांनी जमविलेल्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची नोंद गिनेसच्या पुस्तकात झालेली आहे, आणि त्या चिकाटीला वंदन करावे. परंतु आपल्यासारख्या सामान्याच्या संग्रहाची मर्यादा संख्येवर नव्हे, तर जितक्यांची निगा राखता येईल आणि जितक्यांतून प्रत्यक्ष पाहता येईल तितक्यांवर ठरावी. चार लेन्स जर आपण बारकाईने ओळखल्या, त्यांचे गुणदोष छायाचित्रांत पडताळले, आणि पुढे त्या एखाद्या शिकणाऱ्या मुलाच्या हाती निर्दोष स्थितीत सोपविल्या, तर बाजाराने कवडीमोल ठरविलेल्या कारागिरीला आपण तिचे योग्य मोल दिले, असे निश्चित म्हणता येईल.