प्लॉट दाखवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक
(लेखमाला : जागा आणि कायदा, भाग 6)

मागच्या भागात बिल्डरवर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, कोणती बंधने आहेत ते पाहिले. आपल्या धाराशिव जिल्ह्यात मात्र खरेदीदाराची गाठ आधी पडते ती एजंटाशी. सोलापूर-धुळे महामार्गालगत, तुळजापूरच्या वेशीवर किंवा येडशीच्या बाजूला लेआउट पडले की खुणेचे दगड दाखवणारा, इसार घेणारा आणि मालकाशी बोलणारा तोच असतो. बहुतेक वेळा तो ओळखीतला, नात्यातला असतो. म्हणून त्याच्याकडे कागद मागायचा संकोच वाटतो.

2016 चा स्थावर संपदा कायदा 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला आणि दलालाचा व्यवसाय पहिल्यांदा नोंदणीखाली आला. कलम 9 नुसार, नोंदणी झालेल्या प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्याला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. मध्यस्थ म्हणा, दलाल म्हणा, प्रॉपर्टी डीलर म्हणा, कायद्याच्या व्याख्येत सगळे येतात. एकच नोंदणी सगळ्या राज्यासाठी चालते, त्यामुळे पुण्यात नोंदवलेला एजंट तुळजापुरातही व्यवहार करू शकतो. नोंदणीशिवाय काम केल्यास दररोज 10,000 रुपये दंड होतो आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या 5 टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. प्रकल्पात नसलेल्या सोयी असल्याचे सांगून गिऱ्हाईक गाठले, तर नोंदणी रद्दही होते.

नुसती फी भरून नोंदणी मिळण्याचे दिवस 2023 मध्ये संपले. महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने दलालांच्या परवान्याचा कायदा 1919 मध्ये पक्का केला होता. आपण शंभर वर्षांनी का होईना, त्या वाटेला लागलो याचे मला मनापासून समाधान आहे. माणसाची आयुष्यभराची कमाई ज्याच्या शब्दावर हलते, त्याला साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक तरी कळलाच पाहिजे.

पण हा परवाना नोंदणीकृत प्रकल्पांपुरता आहे. जुने घर, एखाद्याने आधी घेतलेला प्लॉट, शेतजमीन यांच्या फेरविक्रीत मध्यस्थी करणाऱ्याला महारेराची नोंदणी लागत नाही. 500 चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असलेला प्रकल्पही नोंदणीतून सुटतो. शिवाय कायद्याचा रोख मुळात नियोजन क्षेत्रावर आहे. त्याबाहेरच्या, स्थानिक परवानगी असलेल्या प्रकल्पालाही नोंदणी करायला लावण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे, पण तो त्याने वापरला तरच. धाराशिव, कळंब, उमरगा, परंडा इथले रोजचे व्यवहार आठवून बघा. जिथे फसगतीची भीती सर्वात जास्त, तिथे मध्यस्थाला विचारणारे कोणी नाही.

इथल्या जमिनीचा इतिहास ही भीती वाढवतो. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मदतमाश, खिदमतमाश अशा इनाम जमिनी त्या काळापासून चालत आल्या. पिढ्यान्‌पिढ्या हात बदललेल्या अशा कित्येक जमिनींच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ ही नोंद आली, की सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना पुढची विक्री अडते. मदतमाश जमिनींसाठी सरकारने नजराणा भरण्याचा मार्ग काढला आहे, पण देवस्थानांच्या जमिनींचा प्रश्न वेगळाच आहे. त्यात जिल्ह्याचे नाव 2023 मध्ये बदलले, त्यामुळे जुन्या कागदांवर उस्मानाबाद आणि नव्यांवर धाराशिव दिसते. त्याने घाबरायचे कारण नाही, गट नंबर मात्र ताडून बघावा. जमिनीचा वर्ग आणि जुने फेरफार वाचायची सक्ती मध्यस्थावर व्हायलाच हवी. फेरविक्री करणाऱ्या दलालालाही परवाना लागावा, असे मी आग्रहाने म्हणेन.

तोपर्यंत लेआउटमधला प्लॉट घेताना दोन क्रमांक मागा. एक प्रकल्पाचा, ‘पी’ने सुरू होणारा, दुसरा एजंटाचा, ‘ए’ने सुरू होणारा. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर फुकट तपासता येतात. नोंदणी न झालेल्या प्रकल्पातला प्लॉट विकून देणे कलम 10 ने एजंटाला मना आहे, त्यामुळे ‘नंबर येतोय, इसार देऊन ठेवा’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. इसार दिलाच असेल तर पावतीवर त्याची सही आणि क्रमांक घ्या, कारण कलम 31 खालची तक्रार एजंटाविरुद्धही करता येते आणि ती धाराशिवमधूनच ऑनलाइन दाखल होते.

पुढच्या भागात : बिनशेती आदेश कसा वाचायचा.