ट्राम कुठल्या बाजूने चालली आहे?

दिवाळी अंकासाठी ‘जुन्या फोटोंवर काहीतरी’ लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा राजा दीनदयाळांनी टिपलेले संस्थानिकांचे दरबार असावेत. मी गेले बुडापेस्टला. गेले म्हणजे घरच्या खुर्चीतूनच, कारण ज्या संग्रहाबद्दल लिहावंसं वाटलं त्याला पाहायला जावं असं दालनच नाही. फोर्टेपान हा हंगेरीतल्या जुन्या फोटोंचा संग्रह फक्त पडद्यावर मांडलेला आहे. तिकीट नाही, नोंदवहीत सही नाही. तो चालतो मूठभर माणसांवर, आणि त्यातल्या बहुतेकांना या कामाचा पगार मिळत नाही.

इतिहास थोडक्यात सांगते. १९८०च्या दशकात बुडापेस्टमधले दोन शाळासोबती, मिक्लोश तमाशी आणि आकोश सेपेशी, लोकांनी टाकून दिलेले फोटो गोळा करायला लागले. त्या शहरात प्रत्येक विभागाला वर्षातून एकदा घरातली अडगळ रस्त्यावर आणून ठेवायची मुभा असते. मोडक्या खुर्च्या, फाटक्या गाद्या, बिघडलेले रेडिओ, आणि त्यांच्याखाली कुणाच्या तरी आजीचा अल्बम किंवा निगेटिव्हची डबी. पालिकेची गाडी यायच्या आत तिथे पोचायचं आणि उकिरडे फुंकायचे. २०१० मध्ये या दोघांनी त्यातले सुमारे ५,००० फोटो इंटरनेटवर ठेवले. आज तो आकडा दीड लाखाच्या कितीतरी पुढे गेला आहे. नाव घेतलं ते वाट्स नावाच्या गावातल्या फोर्टे कारखान्याच्या फिल्मचं. हा कारखाना १९२२ मध्ये कोडॅकने काढला, पुढे तो सरकारजमा झाला आणि २००७ मध्ये बंद पडला.

फोटोग्राफीच्या इतिहासात हंगेरीचं नाव मोठं आहे ते देश सोडून गेलेल्यांमुळे. कापा, केर्तेझ, ब्रासाय, मोहोली-नागी हे सगळे बाहेर जाऊन मोठे झाले. मागे राहिले ते सहलीला कॅमेरा गळ्यात अडकवून निघणारे वडील, लग्नात सगळ्यांना ‘जरा जवळ सरका’ म्हणणारे मामा आणि कंपनीच्या कामावर नेमलेले फोटोग्राफर. फोर्टेपान मुख्यतः त्यांचं आहे. पुढे पुढे घरोघरचे लोक आपणहून अल्बम देऊ लागले, संस्थांनी कपाटं उघडली. रस्ते आणि रेल्वेचे आराखडे करणाऱ्या उवातेर्व्ह या सरकारी कंपनीचे फोटो त्यात आहेत, पोलिसांच्या मासिकाचे आहेत, एकोणिसाव्या शतकातलं बुडापेस्ट टिपणाऱ्या ग्यॉर्ग्य क्लोसचे शहराच्या दफ्तरखान्यातून आलेले आहेत. कुठलाही फोटो पूर्ण आकारात, फुकट उतरवून घ्या, पुस्तकात छापा, जाहिरातीत वापरा. अट एवढीच की खाली ‘फोर्टेपान’ आणि देणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि त्यावरून काही नवं केलंत तर तेही याच अटीवर खुलं ठेवायचं. फोटोवर आडवा शिक्का मारून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या संस्थांची आठवण इथे झाल्याशिवाय राहत नाही.

पानाच्या तळाशी एक पट्टी आहे, १९०० पासून १९९० पर्यंत. तिची दोन्ही टोकं सरकवून हवा तेवढा काळ कापून घ्यायचा. १९३८ ते १९४६ एवढाच तुकडा ठेवून मी सरकत गेले. आधी पोहण्याचे तलाव, सायकली, नाताळची झाडं. मग गणवेश. मग पाण्यात कोसळलेले पूल. कुठेही मथळा नाही, पार्श्वसंगीत नाही, नुसती वर्षं पुढे जातात.

पण या पट्टीवर फोटो बसवायचा तर त्याचं वर्ष माहीत हवं, आणि उकिरड्यावरच्या फोटोच्या पाठीवर वर्ष कोण लिहून ठेवतो? ते ठरवण्याचं काम स्वयंसेवक करतात, तासन्‌तास वाद घालून, जुनी वर्तमानपत्रं, नकाशे, ट्रामच्या मार्गांच्या याद्या चाळून. मला या संग्रहात खरोखर खिळवून ठेवलं ते या कामाने.

समजा, डॅन्यूबकाठी बाकावर बसलेल्या एका बाईचा फोटो आहे. बाई कोण, कुणालाच माहीत नाही आणि कळणारही नाही. स्वयंसेवक तिच्याकडे बघतच नाही. तो मागे पूल कुठला दिसतो ते बघतो. जानेवारी १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने बुडापेस्टचे उरलेले पूल उडवले. एर्झेबेट पूल १९०३चा, तो उडाला आणि त्याच जागी वेगळ्या बांधणीचा नवा, पांढरा पूल झाला १९६४ मध्ये. मधली एकोणीस वर्षं तिथे नदीवर पक्का पूल नव्हता. साखळदंडांचा जुना पूल १९४९ मध्ये पुन्हा उभा राहिला. तोवरची सोय म्हणून कोशुत पूल घाईघाईने बांधला होता. तो १९४६ मध्ये उघडला आणि १९६० मध्ये पाडून टाकला. तेव्हा बाईच्या डाव्या खांद्यामागे कोशुत पुलाचा एक खांब दिसला तरी चौदा वर्षांची चौकट मिळाली. त्याच फोटोत साखळदंडांचा पूल तुटलेला असला तर ती चौकट १९४६ ते १९४९ इतकी आवळली जाते. झाडांना पानं असली तर ऋतूही कळतो. आता राहिला कोट, बूट, केसांची धाटणी. त्यासाठी दुसरा तज्ज्ञ.

स्तालिनचा पुतळा तर या मंडळींच्या कामाचा जणू कॅलेंडरच. १६ डिसेंबर १९५१ रोजी तो उभारला आणि २३ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री, कम्युनिस्ट राजवटीविरुद्धच्या उठावात, लोकांनी दोर लावून पाडला. पाडताना तो बुटांपाशी तुटला, बूट चौथऱ्यावरच राहिले, आणि लोक त्या जागेला बुटांचा चौक म्हणायला लागले. अख्खा स्तालिन दिसला तर पाच वर्षं, नुसते बूट दिसले तर उठावाचे आणि त्यानंतरचे दिवस.

सगळ्यात गमतीचा प्रश्न रहदारीचा. हंगेरीत १९४१ पर्यंत गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालत. जुलैमध्ये बाकी देश उजवीकडे गेला, बुडापेस्ट नोव्हेंबरमध्ये. मग सोपं आहे की! ट्राम डावीकडे असेल तर फोटो १९४१ च्या आधीचा. पण इथेच गाडी अडते. निगेटिव्हची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मंद असते. चित्राचा थर मंद बाजूवर. स्कॅन करताना ती पालथी ठेवली गेली की अख्खं शहर उलटं होतं, १९५५ ची ट्राम डावीकडून धावायला लागते आणि निदान चौदा वर्षं म्हातारी होते. दुकानाची पाटी फोटोत असली तर अक्षरं चुगली करतात. पाटी नसेल तर पुरुषांचे कोट बघायचे, कारण पुरुषी कोटाची डावी बाजू उजवीवर येते. कोट नसेल, उन्हाळा असेल, तर मनगटी घड्याळ. तेही नसेल तर चर्चचा मनोरा रस्त्याच्या कुठल्या अंगाला आहे, हे नकाशात बघायचं. आणि एवढं करून जे ठरतं ते फोटोखाली एका ओळीत येतं: देश, शहर, विभाग, रस्ता, काय दिसतं. स्वयंसेवकाचं नाव त्या ओळीत नसतं.

रस्त्याचं नाव लिहायचं म्हटलं तरी कटकट. बुडापेस्टचा आंद्राशी रस्ता १९५० मध्ये स्तालिन रस्ता झाला, १९५६ च्या उठावात हंगेरियन तरुणांचा रस्ता, १९५७ मध्ये लोकप्रजासत्ताक रस्ता, आणि १९९० मध्ये पुन्हा आंद्राशी. फोर्टेपानने तोडगा असा काढला की आधी आजचं नाव आणि शेजारी कंसात फोटो काढला तेव्हाचं. हॉर्नबी रोडला दादाभाई नौरोजी रोड म्हणायचं की दोन्ही लिहायचं, यावर आपल्याकडे अर्धा दिवस वाद सहज होईल.

असे हिशेब मुंबईच्या फोटोंवरही मांडता येतात. काळा घोडा नावाने ओळखला जाणारा पुतळा १८७९ ते १९६५ आपल्या मूळ जागी होता. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली. गेटवेसमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१ चा. काळा घोडा आहे आणि ट्राम नाही, असा फोटो हातात पडला तर गिरगावातला एखादा निवृत्त कारकून चहा संपायच्या आत महिना सांगेल. अशी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत, त्यांना एकत्र बसवणारी पट्टी मात्र नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जुन्या तसबिरी विकायला येतात. घेणारा बहुतेकदा लाकडी चौकटीचे पैसे देतो. आतला सहकुटुंब फोटो जागेवरच काढून टाकला जातो.

एवढं कौतुक केल्यावर मनातली धाकधूकही लिहायला हवी.

पहिली धाकधूक चेहऱ्यांची. उकिरड्यावर सापडलेल्या फोटोतल्या माणसाने तो जगाला दाखवायला परवानगी दिलेली नाही. २०१४ पासून लागू झालेल्या हंगेरीच्या नव्या नागरी कायद्यात फोटो काढायला आणि वापरायला संमती लागते. गर्दीचे प्रसंग आणि सार्वजनिक जीवनातला जाहीर वावर वगळून. १९३० मध्ये तलावाकाठी पहुडलेल्या जोडप्याची हरकत येणार नाही, ते कधीच गेले. पण तामाश उर्बान या वृत्तछायाचित्रकाराने आपलं काम संग्रहाला दिलं, त्यात अल्पवयीन गुन्हेगारांच्या तुरुंगातली पोरं आहेत. ती आज उतारवयात असतील, कुणाचे आजोबाही असतील. इतिहास म्हणून ते फोटो मोलाचे आहेत याबद्दल मला शंका नाही. त्यातल्या एखाद्याच्या नातवाने ते अचानक पाहिले तर काय, याचं उत्तर मला देता येत नाही.

दुसरी, फुकट देण्याची. एकदा खुला केलेला फोटो परत मागता येत नाही. तो चांगल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जातो, तसाच एखाद्या पक्षाच्या फलकावर ‘आपले जुने सोनेरी दिवस’ दाखवायलाही जाऊ शकतो. आणि सोनेरी दिवस दाखवायला घरगुती फोटोंइतकं सोयीचं दुसरं काही नाही, कारण माणूस कॅमेरा काढतो तो वाढदिवसाला आणि सहलीला. आंद्राशी रस्त्यावरच्या साठ नंबरच्या घरात १९४४ मध्ये हंगेरियन नाझींचं मुख्य ठाणं होतं, नंतर कम्युनिस्टांच्या गुप्त पोलिसांचं. तिथल्या तळघरात कुणी सहलीचा कॅमेरा नेला नव्हता. शिवाय कॅमेरा असायचा शहरातल्या, खाऊनपिऊन सुखी घरांत. शेतमजूर आणि रोमा जमातीचे लोक दिसतात ते दुसऱ्याच्या नजरेतून, अनेकदा गंमत म्हणून उभे केलेले. दीड लाख फोटो बघून देश कळला असं वाटायला लागतं, आणि मला भीती वाटते ती नेमकी त्या वाटण्याची.

तिसरी अडचण निवडीची. आलेला सगळा ढीग पानावर चढत नाही. कुठला फोटो ठेवायचा हे आजवर मुख्यतः तमाशींच्या नजरेने ठरत आलं आहे. ती नजर तयार आहे, तिला थोडा विनोद आवडतो, कोपऱ्यात लुडबुडणारं कुत्रं आवडतं. २०१९ मध्ये हंगेरीच्या राष्ट्रीय कलादालनात या संग्रहाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा उकिरड्यावरचे हे फोटो सरकारी मानाने भिंतीवर लागले. म्हणजे एका माणसाची आवड आता बऱ्याच अंशी देशाची आठवण झाली आहे. लोकशाहीने, समिती नेमून निवड केली असती तर संग्रह इतका जिवंत झाला नसता असं माझं मत आहे. पण समिती म्हातारी होत नाही, माणूस होतो. स्वयंसेवकांचंही तेच. ट्रामचा डबा कुठल्या वर्षी कुठल्या मार्गावर होता हे कागदात सापडतं. अमुक कोपऱ्यावरचं पेस्ट्रीचं दुकान कधी बंद झालं, हे तिथे लहानपणी खाऊ घेतलेल्यालाच सांगता येतं. त्या पिढीला विचारायला फार वर्षं उरलेली नाहीत. म्हणून नवे फोटो शोधण्यापेक्षा असलेल्यांची वर्षं पक्की करण्यावर आधी जोर लावावा, असं मला वाटतं. ढीग वाढवणं नंतरही जमेल.

पट्टी १९९० ला थांबते. त्यापुढचे फोटो घेत नाहीत, आणि सध्या तरी ते ठीकच आहे. पुढेमागे कुणी ती २०१० पर्यंत वाढवायचं ठरवलं तर अडगळीच्या दिवशी रस्त्यावर काय सापडेल? बंद पडलेले फोन, ज्यांचा पासवर्ड मालकाबरोबर गेला. संगणकाच्या तबकड्या, ज्या भंगारवाला किलोवर घेईल. आत हजारो फोटो, प्रत्येकावर तारीख, वेळ, कधी कधी जागासुद्धा आपोआप नोंदलेली. ट्राम कुठल्या बाजूने चालली आहे हे बघायची गरज नाही, पण ते उघडणार कोण आणि त्या हजारांतून एक निवडणार कोण, याची तजवीज बुडापेस्टमध्ये झालेली माझ्या तरी पाहण्यात नाही. पुण्यात तर विषयच निघालेला नाही.