ज्वारीची भाकरी चालते, पण गिरणीचं काय?

सिलिअ‍ॅक आजार असलेलं माणूस सत्यनारायणाच्या पूजेला गेलं की एक वाक्य हमखास ऐकतं: ‘अगं, चमचाभर शिऱ्यानं काय होतंय? प्रसाद आहे.’ म्हणणाऱ्याच्या मनात मायाच असते. तरीही या आजारातला सगळ्यांत घातक गैरसमज हाच आहे.

ही साधी ॲलर्जी नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे अस्तरावरचे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. मग कितीही सकस खाल्लं तरी अंगी लागत नाही. रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं तरी अस्तराला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे चिमूटभर कणीक. चमचाभर शिऱ्यातला रवा त्याच्या कितीतरी पट. खाल्ल्यावर त्रास झाला नाही, याचा अर्थ आतडं सुखरूप आहे असा होत नाही.

‘हा लहान मुलांचा, जुलाबाचा आजार’ हेही अर्धसत्य. मोठेपणी तो कुठल्याही वयात उघड होतो, आणि कित्येकदा पोटाची तक्रारच नसते. लोहाच्या गोळ्या घेऊनही न भरून येणारा रक्तक्षय, वाढ खुंटलेलं मूल, ठिसूळ हाडं, सतत थकवा, अशी त्याची रूपं. संशय आला तर आधी टीटीजी ही रक्तचाचणी, आणि बहुतेकांना दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी. इथे एक कळकळीची विनंती: तपासणीआधी स्वतःहून गहू बंद करू नका. अस्तर भरून येऊ लागतं आणि अहवाल फसवा येतो.

औषध नाही, पथ्य हाच उपचार, तोही जन्मभर. हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिलं. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा हा आजार असलेली मुलं सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा खालावली. म्हणून ‘आता बरं वाटतंय, थोडी पोळी सुरू करू’ हा विचार मनातून काढायचा.

‘मग खायचं तरी काय?’ महाराष्ट्रात हा प्रश्न पडायला नको. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, पोहे, उकडीचे मोदक, उपासाची वरई, साबुदाणा, राजगिरा या कशातच ग्लूटेन नाही. महागडी परदेशी पाकिटं लागत नाहीत. उलट त्यांत तंतू आणि लोह बरेचदा कमीच.

अडचण वेगळीकडे आहे. आधी गव्हाचं दळण झालेल्या गिरणीत ज्वारी टाकली की दगडांत राहिलेली कणीक तुमच्या पिठात उतरते. घरघंटी असेल तर ती फक्त ग्लूटेन नसलेल्या धान्यांसाठी ठेवावी. पोळपाट, लाटणं, परात वेगळी. बाजारातल्या डबीबंद हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. म्हणजे गहू टाळणाऱ्याच्या वरणात रोज तो फोडणीतून जातो! डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, सातूचं पीठ यांत अनेक घरी गहू असतोच. सोया सॉसमध्येही गहू, माल्टच्या पेयांत जव.

आणि खपली. ‘खपली गव्हात ग्लूटेन नसतं’ असं हल्ली ठामपणे सांगितलं जातं. साफ चूक. खपली हाही गहूच, त्यात ग्लूटेन आहे, आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो वर्ज्यच.

घरात एकाला हा आजार निघाला तर आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही रक्तचाचणी करून घ्यावी, त्यांना काहीही होत नसलं तरी.