ओट्यावरची लोकशाही

लोकशाही म्हटले की संसद, विधानसभा आणि मतदान केंद्रासमोरची रांग डोळ्यांपुढे उभी राहते. मतदानाचा दिवस पाच वर्षांतून एकदा येतो. उरलेल्या दिवसांत निरनिराळ्या थरांतील माणसे एकमेकांना कोठे भेटतात, एकाच रस्त्याने ये-जा करतात की नाही, वृद्धांना दारात बसून शेजाऱ्याची विचारपूस करता येते की नाही, यावर समाजाचे स्वास्थ्य अवलंबून असते. या गोष्टी केवळ कायद्याने घडत नाहीत. घरांचा आणि रस्त्यांचा आराखडा करणारा वास्तुविशारद त्या घडवू शकतो किंवा कायमच्या अडवूही शकतो. इंदूर येथील ‘अरण्य’ ही वसाहत या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

तिचे रचनाकार बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली पुण्यात, फर्निचरचा व्यवसाय असलेल्या कुटुंबात झाला. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्यावर त्यांनी पॅरिस येथे ल कॉर्ब्युझिए यांच्या हाताखाली काम केले आणि पुढे त्यांच्याच इमारतींच्या देखरेखीसाठी ते अहमदाबादेत आले. त्या काळी अहमदाबादच्या जैन श्रेष्ठींनी, विशेषतः कस्तुरभाई लालभाई, साराभाई आणि हठीसिंग या घराण्यांनी, नव्या वास्तुकलेला मोठा आश्रय दिला होता. १९६२ साली दोशी यांनी तेथे वास्तुविद्येचे विद्यालय सुरू केले, तेव्हा त्यामागेही कस्तुरभाई ज्या संस्थेचे आधारस्तंभ होते त्या अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीचे पाठबळ होते. व्यापाऱ्याचे द्रव्य आणि कलावंताची दृष्टी एकत्र आली म्हणजे गावाला काय लाभते, याचे हे ठळक उदाहरण होय.

१९८०च्या दशकाच्या आरंभी इंदूर विकास प्राधिकरणापुढे झोपडपट्ट्यांचा प्रश्न होता. अशा वेळी एकसारख्या खोल्यांच्या चाळी बांधून त्यांचे वाटप करणे ही सरकारी वहिवाट. दोशी यांच्या संस्थेने आधी इंदुरातील झोपडवस्त्यांचाच बारकाईने अभ्यास केला. तेथील माणसे घराबाहेर किती वेळ घालवतात, ओट्यावर कोणती कामे उरकतात, झाडाखाली कोण जमते, समोरच्या खोलीत दुकान कसे थाटले जाते, याची नोंद झाली. ज्यांना ‘बेकायदा’ म्हणून हिणवले जात होते, त्यांच्या राहण्यात शिकण्यासारखे काही आहे असे मानून आराखड्याला आरंभ झाला. ज्याच्यासाठी बांधायचे त्याचे म्हणणे आधी समजून घेणे, ही लोकशाहीची पहिली पायरीच होती. दुसऱ्याच्या बाजूने वस्तूकडे पाहण्याची ही वृत्ती अनेकांतवादाच्या संस्कारात वाढलेल्यांना परकी वाटू नये.

सुमारे ८५ हेक्टर जमिनीवर साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड पाडले गेले. सुमारे ६५ टक्के भूखंड सर्वांत दुर्बल आर्थिक गटासाठी होते, आणि त्यांतील लहानातला लहान भूखंड ३५ चौरस मीटरचा. त्यावर पूर्ण घर बांधून दिले गेले नाही. जोते, न्हाणी-संडास, पाणी आणि मलवाहिनीची जोडणी एवढे तयार मिळे. भिंती आणि खोल्या कुटुंबाने आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या सवडीने वाढवायच्या. कसे बांधता येईल हे कळावे म्हणून ८० घरे नमुन्यादाखल उभी केली गेली. ओटा, गच्ची, बाहेरचा जिना यांची जुळणी मालकाने आपल्या आवडीने करावी, अशी ती मुभा होती.

या योजनेचा हिशेबही व्यापाऱ्याने लक्षात घ्यावा असा आहे. वसाहतीत मध्यम आणि उच्च उत्पन्न गटांसाठीही भूखंड राखले होते. त्यांच्या विक्रीतून सुटलेल्या नफ्याचा आधार गरिबांच्या भूखंडांना मिळाला. गरिबाला घर फुकट दिले नाही आणि त्याच्यावर न पेलणारे कर्जही लादले नाही. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याने अधिक मोजले, आणि वसाहत उभी राहिली.

लोकजीवनाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की हे सर्व थर एकाच वसाहतीत आले. बाजार, शाळा, मोकळी पटांगणे सर्वांना सामाईक ठेवली. अरुंद गल्ल्या पायी चालणाऱ्यांसाठी आणि खेळणाऱ्या मुलांसाठी राखल्या, तर वाहनांना रुंद रस्ते दिले. घराच्या दाराशी ओटा असल्यामुळे खासगी उंबरठा आणि सार्वजनिक रस्ता यांच्यामध्ये एक जागा निर्माण झाली. तेथे बसून भाजी निवडता येते, उधारीचा हिशेब होतो, भांडण मिटते, आणि नगरपालिकेचे पाणी का आले नाही याची चर्चाही होते.

या कामाला १९९५ साली आगा खान पुरस्कार मिळाला. २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे दोशी हे पहिले भारतीय ठरले. २०२३ साली त्यांचे निधन झाले. तथापि ‘अरण्य’ निर्दोष नाही. जमिनीचे भाव चढले तसे अनेक भूखंडांचे हात बदलले, नमुन्याची घरे मोडून त्यांवर मजले चढले. आराखड्याने संधी निर्माण करता येते; ती टिकवण्याची जबाबदारी रहिवाशांवरच येते.

आज हा विषय आपल्याही दाराशी आला आहे. मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास चालू आहे. संघांची स्थानके, धर्मशाळा, समाजभवने नव्याने बांधली जात आहेत. बैठकीत चर्चा होते ती चौरस फुटांची, पार्किंगची आणि संगमरवराची. खाली वृद्धांना बसायला जागा राहील का, घरकामाला येणाऱ्या बाईला आणि वॉचमनला पाण्याचा नळ व स्वच्छतागृह मिळेल का, मुलांना खेळायला पटांगण उरेल का, हे प्रश्न फार तर शेवटी येतात. आराखड्यावर सह्या झाल्यावर ते विचारून उपयोग नसतो.

वास्तुविशारद कुशल असला तरी त्याच्यापुढे जी मागणी ठेवली जाते, तिच्याच मर्यादेत त्याला काम करावे लागते. मागणी ठेवणारे विश्वस्त आणि सभासद असतात. पूर्वजांनी वाटसरूसाठी धर्मशाळा, तहानलेल्यासाठी पाणपोई आणि मुक्या जिवांसाठी पांजरपोळ बांधले, तेव्हा त्यांनी आपल्या कुटुंबापलीकडच्या जिवांना आराखड्यात जागा दिली होती. पुढच्या सर्वसाधारण सभेत नकाशा टेबलावर पसरला जाईल, तेव्हा एका सभासदाने तरी उठून विचारावे, “यात ओटा कोठे आहे?”